कोरडं बाळोतं

“अजून किती दिवस, बुवा?”

मुरलीधरनं विचारलं तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत बादलीत होते. बादलीत बाळोती होती, सतरा.

सटवाजीबुवा उन्हात बसून रिठे फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशाला किती दिवस?”

“अनुग्रहाला.”

“सांगितलंय की. एका बाळोत्याचा वास घालवून दाखव. त्या दिवशी देतो.”

बुवांचा मठ म्हणजे नदीकाठची पत्र्याची दोन खोल्यांची जागा आणि एक चिंच. ऊसतोडीच्या दिवसांत चिंचेला झोळ्या टांगलेल्या असत. आया उजाडायच्या आत फडात जात आणि तान्ही पोरं बुवांकडे ठेवून जात. झोळ्या हलवायला मी तिथं असे. बुवांना देवाचं नाव घेताना मी फारसं ऐकलं नाही. कुठल्या झोळीत ओलं झालंय हे मात्र ते हात न लावता सांगत.

मुरलीधर शाळेत संस्कृत शिकवायचा. हुशार होता, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायची वेळ त्यानं कधी येऊ दिली नव्हती. चार वर्षांपूर्वी बायको आणि आठ महिन्यांची मुलगी मागे ठेवून तो घराबाहेर पडला. मुलगी रडायची, ध्यान लागायचं नाही, असं तो सांगे. त्यानंतर तीन गुरू झाले. तिघांचंही त्याला काहीतरी चुकलेलं दिसलं.

बुवांशी चर्चा करायला म्हणून आला. बुवांनी त्याच्या हातात बादली दिली.

पहिल्या आठवड्यात त्यानं दुप्पट साबण लावला. दुसऱ्या आठवड्यात बाळोती सोडा घालून उकळली. तिसऱ्या आठवड्यात कपड्यांच्या पेटीत कापराच्या वड्या ठेवल्या. बाळोत्यांना देवळासारखा वास यायला लागला आणि पोरं शिंकायला लागली.

त्या दिवशी त्यानं दोरीवरचं एक बाळोतं काढून आणलं. पांढरंशुभ्र, कडक वाळलेलं.

“घ्या वास.”

बुवांनी वास घेतला नाही. चुलीवरच्या पातेल्यातलं कोमट पाणी तांब्यात घेतलं आणि बाळोत्यावर ओतलं.

“आता तू घे.”

मुरलीधरनं नाक जवळ नेलं आणि तोंड फिरवलं.

“कोरडं असताना काय कळतंय,” बुवा म्हणाले.

“पण मी तीनदा साबण लावला. घाण राहीलच कशी?”

“घाण कवाच गेली. ती पैल्या पाण्यात जाती.”

“मग?”

“साबण राहिलाय. लावलास तेवढा काढला न्हाईस. तो कापडात बसतो आन् मूत धरून ठेवतो.”

मुरलीधरनं ते परत घेतलं. बाळोतं पिळलं तेव्हा खरंच हात बुळबुळीत झाले…

पौषात आभाळ भरून आलं. पाऊस नाही आणि ऊनही नाही. तीन दिवस दोरीवरचं काही वाळेना. बाळोती आत आणून चुलीभोवती पसरली तरी दमटच राहिली. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची कोरडी घडी संपली.

कडूबाईची पोर तेवढ्यात ओली झाली. आठ महिन्यांची होती. आई फडात, दिवस मावळल्याशिवाय यायची नाही. पोर गारठून रडायला लागली.

“एक कोरडं दे,” बुवा म्हणाले.

“संपली.”

“नीट बघ.”

“संपली, बुवा. सगळी ओली आहेत.”

“तुझ्या पिशवीत हाय एक.”

मुरलीधर जागच्या जागी उभा राहिला.

“तुम्हाला कसं…”

“रोज सकाळी उठून पिशवीत तोंड घालतोस. भाकर असती तर एव्हाना संपली असती.”

पोर रडत होती…

मुरलीधरनं पिशवी आणली. पोथ्या काढल्या, पंचा काढला. तळाशी कागदात गुंडाळलेलं एक बाळोतं होतं. जुन्या लुगड्याचं, निळ्या काठाचं. काठाला हातानं घातलेली टीप होती, बायकोच्या हातची.

“हे नाही देता येणार,” तो म्हणाला. “हे माझ्या रेवतीच्या डोक्याखालचं आहे. निघालो तेव्हा ती झोपली होती. तिचं डोकं उचलून हळूच काढून घेतलं. एकदाही धुतलेलं नाही. ह्याला तिचा वास आहे… वेखंडाचा, तेलाचा.”

बुवांनी हात पुढे केला. या वेळी त्यांनी वास घेतला. डोळे मिटून, बराच वेळ.

“मला न्हाई येत,” ते म्हणाले. “म्हातारा झालो. तुला येतो?”

मुरलीधर रिकाम्या कागदाची घडी घालत राहिला.

“येतो का?”

“नाही.”

“कवापास्नं?”

“दीड वर्ष झालं.” त्याचा आवाज फुटला. “रोज घेतो. रोज वाटतं, आज येईल. इथं तीन आठवडे घासतोय तरी या पोरांचा वास जात नाही. आणि तिचा एवढा जपून ठेवला, तो…”

मला त्याचा तोवर राग यायचा. त्या दिवसापासून आला नाही.

बुवांनी बाळोतं त्याच्या हातात परत दिलं, आणि झोळीतली पोर उचलून त्याच्या मांडीवर ठेवली.

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं. रडणं क्षणभर थांबवलं, पुन्हा सुरू केलं.

तो कितीतरी वेळ ते कापड धरून बसला. मग त्यानं त्याची त्रिकोणी घडी घातली. हात विसरले नव्हते. पोरीचे पाय उचलले, बाळोतं खाली सरकवलं, गाठ मारली. पोटावर काचणार नाही अशी सैल.

पोर गप्प झाली. थोड्या वेळानं त्याच्या मांडीवर ऊब पसरली.

“केलं तिनं,” तो म्हणाला. तो हसत होता की रडत होता, मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी कडूबाई पोर घेऊन गेल्यावर तो ते एकच बाळोतं घेऊन नदीवर गेला. आधी वाहत्या पाण्यात धरलं. मग रिठ्याच्या पाण्यात, थोड्याच. मग नुसतं पाणी, पिळून पुन्हा पाणी, पिळून पुन्हा पाणी. हाताला काही बुळबुळीत लागेना तोवर. बुवा काठावर बसून होते. त्यांनी एकदाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बाळोतं दिवसभर उघड्या दोरीवर राहिलं.

संध्याकाळी मुरलीधरनं स्वतःच कोमट पाण्याचा तांब्या आणला आणि बाळोत्यावर ओतला. वास न घेता ते बुवांसमोर धरलं.

बुवांनी नाकाशी नेलं.

“कशाचाच न्हाई,” ते म्हणाले. “पाण्याचा हाय.”

त्यांनी बाळोतं पिळलं, झटकलं आणि मुरलीधरला परत न देता बाकीच्या बाळोत्यांच्या दोरीवर टाकलं. मुरलीधरनं ते पाहिलं. हात थोडा पुढे गेला होता, तो त्यानं मागे घेतला.

बुवा आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. मुरलीधर हात जोडून, पाठ ताठ करून बसला. चार वर्षं ज्यासाठी वणवण केली ते आता मिळणार होतं. त्यानं डोळे मिटले.

बुवा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात माळ नव्हती. एक नवं कोरं कापड होतं, लाल ठिपक्यांचं, पोरीच्या झग्यापुरतं. कुण्या बाईनं मठाला दिलेलं.

“पोर केवढी झाली तुझी?”

“चैत्रात पाच पूर्ण होतील.”

“वय न्हाई विचारलं. केवढी झाली?”

मुरलीधरनं डोळे उघडले. जमिनीपासून हात वर उचलून दाखवू लागला. हात गुडघ्यापाशी थांबला. मग थोडा वर गेला. मग आणखी थोडा. मांडीपाशी आला, कमरेकडे गेला, पुन्हा खाली आला…

कुठं थांबायचं ते त्या हाताला कळेना.

शेवटी हात तसाच हवेत राहिला. दोरीवरून पाणी ठिबकत होतं.

“आणि अनुग्रह, बुवा?” त्यानं अगदी हळू विचारलं.

बुवांनी कापड त्याच्या मांडीवर ठेवलं.

“आधी माप घेऊन ये.”