ठुमकीची फळी

विमानं नुकतीच उडायला शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका कारखान्यात ठुमकी नावाची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती. अंगानं हलकी, पोटात चिमूटभर तांबं आणि डोक्यात एकच खूळ: विमानाच्या पंखात बसायचं!

त्यासाठी तिनं काय नाही सोसलं? भट्टीत भाजून घेतलं, गार पाण्यात बुडी मारली, रुळांकडून पोळीसारखं लाटून घेतलं. रुळांतून सुटताच ती थुईथुई नाचायला लागली, "झाले मी! झाले मी! आणा तो पंख!"

तेवढ्यात एक चिमणी येऊन तिच्यावर बसली, आणि ठुमकी मधोमध वाकली.

"चिमणी पेलवेना, आणि निघाली आभाळ पेलायला!" हातोडा खो खो हसला.

ऐरणमावशीनं मात्र तिला मांडीवर घेऊन सरळ केलं. "बाई गं, तुझ्या पोटातलं तांबं अजून नाचतंय. त्याला जागेवर बसू दे. भट्टीजवळच्या फळीवर नुसती पडून राहा."

"पडून राहून कुणी बळकट होतं का, मावशी?"

"बघ तरी."

ठुमकी रुसून फळीवर पडली. तांबं आधी नाचलं, मग पेंगलं, मग जिथल्या तिथं घट्ट बसलं. काही दिवसांनी हातोड्यानं गंमत म्हणून टोला हाणला. टण्ण! ठुमकी तशीच, हातोडाच उलटा उडाला.

"काय खाल्लंस गं एवढं?"

"काही नाही. गप्प बसले."

इतक्यात रुळांतून नवी पट्टी उसळली, "झाले मी! झाले मी!" खिडकीत चिमणी टपलेलीच होती.

पंखाकडे निघालेली ठुमकी नव्या पट्टीच्या कानात म्हणाली, "फळी अजून उबदार आहे. जा, पड जरा."