देवीला निजवणारी ठकूबाई

किती वर्षं झाली ते आता उंबरखोलात कुणाला सांगता येत नाही. तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि गावाला रस्ताही नव्हता. डोंगराच्या पोटाशी कडजाईचं देऊळ मात्र आजच्याच जागी होतं. त्या देवळात शिदू गुरव देवीची पूजा करायचा आणि त्याची बायको ठकूबाई नैवेद्य रांधायची. ठकूबाई बोलायची कमी आणि बघायची फार. तिच्या हातच्या शिऱ्याला अशी चव होती की वाटेनं जाणारी गुरंसुद्धा देवळापाशी थबकायची, असं म्हणतात.

त्याच्याही आधी कधीतरी गाव झोपेत असताना आग लागली होती. निम्मी घरं जळून गेली होती. वाचलेल्यांनी देवीपुढे नवस बोलला, की यापुढे रोज रात्री गावातलं एक माणूस तरी जागं राहील आणि देवळातला दिवा तेवत ठेवील. नवस चांगलाच होता. पण वरच्या आळीचा एक माणूस जागला, तेव्हा खालच्या आळीला वाटलं आपण काय कमी आहोत, आणि तिथले दोघं बसले. मग वरच्या आळीनं ढोलकी आणली. खालच्या आळीनं टाळ आणले. होता होता सगळं गावच रात्रभर जागायला लागलं, आणि ज्याच्या घरात कुणी लवकर झोपलं त्याला शेजारी नावं ठेवायला लागले.

जागायचं म्हणजे पोटाला हवंच. प्रहराप्रहराला नैवेद्य व्हायचा. गुळाचा शिरा, तांदळाची खीर, तुपातल्या पुऱ्या. डोळे मिटायला लागले की द्रोणभर शिरा खायचा आणि पुन्हा ताल धरायचा. दिवसा मग बांधावर पेंगायचं. परसातल्या भाज्या वाळल्या, नाचणीचं शेत तणानं भरलं, कारण त्यांच्याकडे बघायला कुणाच्या अंगात त्राण होतं? पंचक्रोशीत मात्र नाव झालं. उंबरखोलात लेक दिली तर तिला रोज सण, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

हळूहळू गावाच्या अंगात काहीतरी शिरलं. घडाभर पाणी प्यालं तरी तहान भागेना. चढ चढताना धाप लागायची, डोकं गरगरायचं, पायांना मुंग्या यायच्या, जवळचं माणूसही धुरकट दिसायचं. आता दुसऱ्या गावानं वैद्य गाठला असता. उंबरखोलच्या लोकांनी त्याला नाव दिलं ‘देवीचा भार’. ज्याच्या अंगावर भार जास्त, त्याच्यावर देवीची मर्जी जास्त. कुणाचे पाय सुजले की बायका त्याला ओवाळायच्या. आणि भार उतरावा म्हणून उपाय काय, तर आणखी जागायचं आणि प्रसाद आणखी खायचा!

शिदू गुरवावर मर्जी सगळ्यांत जास्त होती. तो सगळ्यांत जास्त जागायचा आणि प्रत्येक नैवेद्याचा पहिला घासही त्याचाच. एकदा बेल तोडताना त्याच्या पायात काटा मोडला. एवढासा काटा, पण जखम भरेना. ठकूबाई रोज हळद भरायची, फडकं बदलायची, आणि जखम रोज थोडी मोठी व्हायची. गाव पाया पडायला यायचं. ती मात्र न्हाणीत जाऊन रडायची.

पावसाळ्याच्या तोंडाला ठकूबाईच्या भावाकडे बारसं होतं. पूजा चुलतभावावर सोपवून दोघं होडीनं पलीकडे गेली आणि मागोमाग नदीला पूर आला. होडी बंद झाली. पूर उतरेपर्यंत त्यांना तिथंच राहावं लागलं. भावाचं घर गरिबीचं. दिव्याला तेल कमी म्हणून दिवेलागणीलाच जेवणं आटपायची. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि पावसानं उगवलेल्या टाकळ्याची भाजी. जेवण झालं की थोड्या गप्पा व्हायच्या आणि अंधार दाटला की सगळं घर घोंगडी ओढून गप्प. शिदूला आधी झोपच येईना. मग अशी लागली की सकाळी त्याला हलवून उठवावं लागायचं. त्या गावातला वैद्य रोज लेप लावायला यायचा. पूर उतरेपर्यंत जखमेच्या कडा सुकून आत ओढल्या होत्या.

निघताना वैद्यानं ठकूबाईला बाजूला बोलावलं.

“लेप संगती देतो,” तो म्हणाला. “पन नुसत्या लेपानं भागायचं न्हाई. हितं जसा जेवला आन निजला, तसाच तितं जेवू दे, निजू दे.”

उंबरखोलात परतल्यावर पहिल्याच रात्री ढोलकी दारात आली. शिदू नाही म्हणू शकला नाही. लेप तोच होता, लावणारे हात तेच होते, पण जखम पुन्हा ओली झाली. मग गावानं प्रेमापोटी ठरवलं की गुरवाच्या पायासाठी अमावास्येपासून अहोरात्र जागर करायचा आणि जागर संपेपर्यंत शिदूनं देवीसमोरून उठायचं नाही. हा जागर झाला तर आपला नवरा उठणारच नाही, हे ठकूबाईला कळून चुकलं.

अमावास्येच्या संध्याकाळी गाव देवळात जमलं. गावाचा प्रमुख, म्हणजे गावकर, धाकोजी पुढे बसला होता. त्याचेही पाय सुजलेलेच होते. ठकूबाई गाभाऱ्यातून बाहेर आली. तिच्या हातात नैवेद्याचं ताट नव्हतं. खांद्यावर तिची स्वतःची गोधडी होती.

“गावकर, देवीला कदी कुनी निजवलंय का?” तिनं विचारलं.

धाकोजी हसला आणि म्हणाला, की देवीला झोप कशाला हवी?

“मी रोज तिचा मुखवटा पुसते,” ठकूबाई म्हणाली. “तिचं डोळं तांबडं झाल्यात. लेकरं जागी असल्यावर आई निजंल कशी?”

म्हाताऱ्यांनी मान वळवून मुखवट्याकडे पाहिलं आणि त्यांना तो खरंच दमलेला दिसला, असं म्हणतात. धाकोजी म्हणाला, “आन आग लागली तर?”

“नवस एका मानसाचा हाय. एक जागंल. आळीपाळीनं जागू. आजची पाळी माजी.”

मग नैवेद्याची गोष्ट निघाली. तिनं भाकरी, पिठलं आणि परसात शोधून काढलेली माठाची भाजी देवीपुढे ठेवली, तेव्हा कुजबुज झाली. देवीला हे वाढायचं? ठकूबाईनं शांतपणे विचारलं, की देवी पाहुणी आहे की घरची? घरची, असं सगळे म्हणाले. मग घरच्या माणसाला घरचंच वाढतात, असं म्हणून तिनं ताटाभोवती पाणी फिरवलं. सणाला शिरा करीनच, असंही ती म्हणाली, आणि ते ऐकून बऱ्याच जणांचा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाली. तिनं देवीला निजवायला तिच्यापुढे गोधडी अंथरली. शिदू तिथून उठायला तयार नव्हता. आपण निजलो तर सगळा नवस फुकट जाईल असं त्याला भय होतं. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“मी हाय जागी,” ती म्हणाली. “तुमी निजा.”

आणि शिदू लहान मुलासारखा तिथंच आडवा झाला. त्याच्या मागोमाग वरची आळी निजली, खालची आळी निजली. कुत्री गप्प झाली, गोठ्यातली गुरं बसली, नदीनंसुद्धा आवाज खाली आणला, असं म्हणतात. दिव्यात बोटभर तेल होतं, ते सकाळपर्यंत पुरलं. आणि उजाडताना गावानं पाहिलं तर कडजाईच्या मुखवट्यावरचे डोळे मिटलेले होते. तुम्ही जाऊन बघा, ते आजही अर्धे मिटलेलेच आहेत.

शिदूची जखम भरायला पुढचा हिवाळा उजाडला. लेप चालूच होता, वैद्य होडीनं येत राहिला. शिदू थोडा लंगडायचा, पण पाय वाचला आणि माणूसही वाचला. सगळ्यांचं तसं झालं नाही. धाकोजीचे डोळे गेले ते परत आले नाहीत. पण त्याच्या नातवंडांना ‘देवीचा भार’ म्हणजे काय, हे विचारावं लागलं. परसं पुन्हा हिरवी झाली आणि चढावर गप्पा मारत चालणारी माणसं दिसायला लागली.

ठकूबाई खूप म्हातारी होऊन गेली. झोपेतच गेली. देवळाच्या पायरीशी तिचा दगड आहे. त्याच्यापुढे दिवेलागणीला एक पणती लावतात, आणि जेवणं झाली की ती शांत करतात. त्यानंतर गावात दिवा राहतो तो देवीपुढचा. लग्न होऊन आलेली नवी सून पहिल्या वर्षी आपल्या हातानं शिवलेली गोधडी देवीला घालते.

आणि जागायची पाळी अजून आहे. आज बाईची, उद्या बाप्याची. ज्याची पाळी असेल तो आळीतून एक फेरी मारतो. कुणी काळजीनं तळमळत असतं, कुणाच्या खिडकीत मोबाइलचा उजेड दिसतो. तिथं तो दारावर हलकेच टिचकी मारतो, आणि ठकूबाईचेच शब्द सांगतो.

“मी हाय जागी. तुमी निजा.”

पाळी बाप्याची असली तरी म्हणायचं तसंच.