पिटुकली पाल आणि जाडजूड आरसा

बसा. मांडी घाला. गोष्ट पालीची आहे. शी म्हणायचं नाही. ज्याला शी म्हणायचं असेल, त्याने आधी भिंतीवर उलटं चालून दाखवायचं.

तर एक पाल होती. पिटुकली. करंगळीएवढी. डोळे मोहरीएवढे. ऐट हत्तीएवढी.

ती राहायची गोदाकाकूच्या शिवणाच्या दुकानात. मोठ्या जड आरशामागे. आरसा काकूचा. आरशामागची जागा पालीची.

दुकान नवीन होतं. भिंतही नवीन. पांढरी, गुळगुळीत, जिप्समची. वरून छान, आतून पोकळ. पलीकडे हौसाबाईचं बांगड्यांचं दुकान. इकडे शिंकलं की तिकडे ऐकू जायचं.

आरसा टांगताना काकूने काय केलं? जुन्या घरी विटांची भिंत होती. तिथे करायची तेच इथे केलं. भिंतीच्या मधोमध कुंकवाचं बोट लावलं. कुंकवावर खिळा धरला. ठाक ठाक ठाक.

पाल वरून म्हणाली, चुक चुक.

आता, पाल चुकचुकली की काकू बोटाने टकटक करते आणि कृष्ण कृष्ण म्हणते. तिची आई करायची, म्हणून तीही करते. पण तेव्हा एका हातात खिळा, दुसऱ्या हातात हातोडी. टकटक करायला बोट रिकामं नव्हतं.

दोन दिवस आरसा लटकला. तिसऱ्या दिवशी सकाळी, कर्रर्र, धप्प.

खाली कापडाचा ढीग होता. आरसा फुटला नाही. पालीच्या शेपटीचं टोक तेवढं तुटलं. शेपटी परत उगवते. घर उगवत नाही.

हौसाबाई पलीकडून आली. पडलेला आरसा बघितला, भिंतीचं भोक बघितलं. म्हणाली, "गोदे, ही भिंत आहे का पापड?"

काकूचं तोंड लाल झालं. ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत हा आरसा वर चढला नाही, तर जिथून आणला तिथे परत.

पालीने ऐकलं. आरसा गेला की घर गेलं. पाल रडली नाही. पाली रडत नसतात. ती निघाली.

सरसर सरसर, थबक.

आरसा खाली रुसून बसला होता. पाल म्हणाली, "आरशा आरशा, वर चढ. आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

आरसा म्हणाला, "हुक मला धरत नाही. मी नाही चढणार."

सरसर सरसर, थबक.

हुक बटणांच्या डब्यात होता. पाल म्हणाली, "हुका हुका, आरशाला धर. हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

हुक म्हणाला, "स्क्रू मला आवळत नाही. मी नाही धरणार."

सरसर सरसर, थबक.

स्क्रू पुडीत होता. डोकं वर, टोक खाली. पाल म्हणाली, "स्क्रू रे स्क्रू, हुकाला आवळ. स्क्रू आवळत नाही, हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

स्क्रू म्हणाला, "ड्रिल भोक पाडत नाही. मी नाही आवळणार."

सरसर सरसर, थबक.

ड्रिल पिशवीत झोपलं होतं. काकूने ते एकदाही चालवलं नव्हतं. त्याच्या आवाजाला घाबरायची. पाल नाही घाबरली. म्हणाली, "ड्रिल रे ड्रिल, भोक पाड. ड्रिल पाडत नाही, स्क्रू आवळत नाही, हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

ड्रिल म्हणालं, "पेन्सिल खूण करत नाही. मी नाही पाडणार."

सरसर सरसर, थबक.

पेन्सिल काकूच्या अंबाड्यात खोचलेली होती. तिथे जायचं म्हणजे धाडस. पाल खुर्चीच्या पाठीवर चढली आणि हळूच म्हणाली, "पेन्सिली पेन्सिली, खूण कर. पेन्सिल करत नाही, ड्रिल पाडत नाही, स्क्रू आवळत नाही, हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

पेन्सिल म्हणाली, "खूण करू कुठे? कुंकवाचं बोट लागलं तिथे आत पोकळ. भिंतीच्या पोटात उभ्या लोखंडी पट्ट्या आहेत. खूण करायची ती पट्टीवर. भिंत पट्टी दाखवत नाही. मी नाही करणार."

सरसर सरसर, थबक.

पाल भिंतीला पोट लावून बसली. म्हणाली, "भिंती भिंती, पट्टी दाखव. भिंत दाखवत नाही, पेन्सिल करत नाही, ड्रिल पाडत नाही, स्क्रू आवळत नाही, हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

भिंत म्हणाली, "पट्टी काय डोळ्यांनी बघून कळते? मला वाजवावं लागतं. काकू टकटक करत नाही. मी नाही दाखवणार."

आता राहिली काकू. काकू म्हणजे हात मोठा, झाडू त्याहून मोठा.

पाल गेली.

सरसर सरसर, थबक.

"काकू काकू, टकटक कर. काकू टकटक करत नाही, भिंत दाखवत नाही, पेन्सिल करत नाही, ड्रिल पाडत नाही, स्क्रू आवळत नाही, हुक धरत नाही, आरसा चढत नाही, माझं घर मला मिळत नाही."

एवढं सगळं पाल बोलली. काकूला काय ऐकू आलं? चुक चुक. मोठ्या माणसांना तेवढंच ऐकू येतं.

काकूने शिलाई मशीनवर बोट आपटलं. टकटक. कृष्ण कृष्ण.

भिंत म्हणाली, "मशीनवर काय उपयोग? माझ्यावर वाजव."

मग पाल काय करणार? ती सरसर भिंतीवर गेली. काकूच्या अगदी नाकासमोर. मुद्दाम. काकू उठली. हातात झाडू घेतला. झाडू वर गेला.

पाल पळाली नाही.

चुक चुक.

झाडू वर तसाच राहिला. दुसऱ्या हाताचं बोट आपोआप भिंतीवर गेलं. सवयीचं बोट ते. ढब ढब. पोकळ. कृष्ण कृष्ण.

पाल चार पावलं सरकली. चुक चुक. काकूचं बोट तिच्या मागे. ढब ढब. पोकळ. कृष्ण कृष्ण.

पाल आणखी चार पावलं सरकली. दिव्याच्या बटणाकडे नाही गेली. तिथे आत वायर असते, हे पालीला माहीत होतं. ती दुसरीकडे गेली. चुक चुक. काकूचं बोट तिच्या मागे.

टक टक.

काकू थांबली. कृष्ण कृष्ण म्हणायचं विसरली. पुन्हा वाजवलं. टक टक. भरीव.

झाडू खाली पडला.

काकू पालीला म्हणाली, "अगं, हे तू सकाळपासून सांगत होतीस?"

पालीने मान तेवढी वर केली.

पण आरसा जड आहे ना? एका हुकाचं ते काम नाही. डब्यात आणखी एक हुक होता, पुडीत आणखी एक स्क्रू. पाल परत निघाली. सरसर सरसर. ढब ढब, ढब ढब, टक टक. ही दुसरी पट्टी.

मग काय.

काकूने टकटक केलं. भिंतीने पट्टी दाखवली. पेन्सिलीने खूण केली, एक इथे, एक तिथे. काकूने ड्रिल हातात घेतलं. डोळे नाही मिटले. घुर्रर्र, घुर्रर्र. ड्रिलने दोन भोकं पाडली. दोन्ही स्क्रू गोल गोल आत शिरले. एकाने एक हुक आवळला, दुसऱ्याने दुसरा. दोन्ही हुकांना धरून काकू लोंबकळली. काकू काही हलकी नाही. हुक हलले नाहीत.

मग काकूने हौसाबाईला हाक मारली. एक बाजू हौसाबाईने उचलली, दुसरी काकूने. हुकांनी आरशाला धरलं. आरसा वर चढला.

आणि कुंकू? कुंकू सगळ्यात शेवटी लावलं. काकू म्हणाली, आता इथून पुढे आधी टकटक, मग कुंकू.

तेवढ्यात आरशाखालून एक तुटकी शेपटी दिसली. हौसाबाई ओरडली, "शी, पाल."

काकूने कमरेवर हात ठेवले. "शी म्हणायचं नाही हौसे. ही माझ्या दुकानाची पाल आहे. भिंतीतली पट्टी हिने शोधली. तू शोधलीस का? मी शोधली का?"

हौसाबाईने भिंतीकडे बघितलं. तिच्याकडेही तीच भिंत होती. भिंतीवर बांगड्यांचं मोठं फळकूट टांगायचं होतं. तीच हळू आवाजात म्हणाली, "मग एक दिवस तिला माझ्याकडे पाठवशील?"

काकू म्हणाली, "मला काय विचारतेस? तिला विचार."

हौसाबाई आरशासमोर उभी राहिली. पदर नीट केला. आणि म्हणाली, "पालबाई, याल का?"

आरशामागून आवाज आला. चुक चुक.

दोघींनी मिळून बोटं वाजवली. टकटक. कृष्ण कृष्ण.

आता पाल कुठे आहे? घरात. आरसा भिंतीवर, पाल आरशामागे, आणि तुम्ही माझ्यासमोर. कोण म्हणतं शी? कोणीच नाही ना? मग झालं.