अर्ध्यावर अडलेली प्रार्थना

"आणि ती मुलगी वाचली नाही तर?"

अलीशाने हे तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी त्याचा आवाज चढला होता.

पाळकसाहेब हिवाळे मिशन दवाखान्याच्या जिन्याखाली बाकावर बसले होते. चाळीस वर्षं ते वरच्या वॉर्डात आजाऱ्यांपाशी प्रार्थनेला जात आले. पक्षाघातानंतर त्यांना जिना चढणं जमेना, तेव्हा ते काम त्यांनी आपल्या शिष्याकडे, अलीशा भांबळकडे सोपवलं. सेमिनरीत पहिला आलेला, पाठांतर पक्कं, आवाज खणखणीत.

पण सात महिने झाले, अलीशा वर गेला नव्हता.

सात महिन्यांपूर्वी एका आजाऱ्याच्या बायकोला त्याने ठासून सांगितलं होतं की तुमचा नवरा या खाटेवरून उठेल. नवरा दुसऱ्या दिवशी सकाळीच वारला. बाई रडली नाही, भांडली नाही. तिने एवढंच विचारलं, की देव तुमच्याशी बोलला होता ना?

आज वर सगुणाबाई होती, वीटभट्टीवर काम करणारी. तिच्या नऊ वर्षांच्या रिबकाचं आतडं फुटलं होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. अर्ध्या तासात मुलीला ऑपरेशनला नेणार होते, आणि आईने नर्सजवळ निरोप दिला होता, कुणीतरी प्रार्थनेला या.

"मी लायक नाही," अलीशा म्हणाला. "मला चर्च झाडायला लावा, झाडीन. हे नको."

पाळकसाहेबांनी जिन्याकडे पाहिलं.

"कुणीतरी लायक माणूस पाठवा, साहेब."

"तो सापडेपर्यंत ती मुलगी थांबेल?"

…

अलीशाने पिशवीतून वही काढली. प्रत्येक प्रसंगाची प्रार्थना त्याने तीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती. तो पानं उलटू लागला. निदान शब्द तरी चुकायला नकोत, असं काहीतरी तो पुटपुटला.

पाळकसाहेबांनी आपला चांगला हात पुढे केला.

अलीशाने वही दिली. त्यांनी ती मांडीखाली सरकवली आणि डोळे मिटून घेतले.

वरच्या मजल्यावर स्ट्रेचरची चाकं करकरली.

अलीशा जिना चढून गेला.

तासाभराने तो खाली आला. चेहरा उतरलेला, सदरा घामाने पाठीला चिकटलेला. बाकाच्या टोकाला बसून त्याने खालमानेने सगळं सांगितलं.

सगुणाबाईने पहिलाच प्रश्न विचारला होता, माझी पोर बरी होईल ना? त्यावर तो म्हणाला, मला ठाऊक नाही, बाई. आता ही तोंड फिरवणार, असं त्याला वाटलं. पण ती थोडी सरकली आणि फरशीवर तिने त्याला जागा करून दिली.

मुलीला आत नेलं. दार लागलं. त्याने प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. लहानपणापासून झोपेतसुद्धा न चुकणारी. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे वाक्य आलं आणि तो तिथेच अडला. त्या बंद दारासमोर, त्या आईच्या शेजारी बसून, ते त्याच्याने म्हणवेना.

…

"मग?"

"मग तिनंच म्हटलं. पुढचं सगळं तिनं म्हटलं. मी नुसता रडत होतो, साहेब." त्याने बाहीने तोंड पुसलं. "तिला धीर द्यायला गेलो आणि तिनंच मला सावरलं. मी सांगत होतो ना तुम्हांला… मी या कामाचा नाही."

"ऑपरेशन झालं?"

"नाही. मुलगी अजून आतच आहे."

"बाईजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. नवरा गावाहून निघालाय, पोचायला संध्याकाळ होईल." अलीशाने चुरगळलेली बाही सरळ केली. "मी उठलो तेव्हा तिनं माझी बाही धरली होती."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मग तू खाली कशाला आलास?"