पुरणपोळीचे समान वाटे

एका राज्यात, जिथे पाखरं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकतही असत, केतकी आणि शेवंती नावाच्या दोन जुळ्या राजकन्या होत्या. वय वर्षं सहा. एके दिवशी दोघी एका पुरणपोळीवरून भांडल्या. मोठा तुकडा कोणाचा? दारात मांत्रिक कालदंड भुकेला उभा होता, पण एकीनेही तिकडे पाहिलं नाही. त्याने भस्म फुंकलं आणि शेवंतीची साळुंकी झाली.

"आठ दिवसांनी येईन," तो राजाला म्हणाला. "केतकीने तीन वस्तूंचे समान वाटे केले, तर शेवंती परत मिळेल. एक जरी चुकला, तर ती कायमची पाखरू."

राजाने मोठमोठे गणिती बोलावले. ते सूत्रं सांगत आणि केतकी रडे. अखेर मुदपाकखान्यातल्या भिमाक्कांनी तिला पोळपाटाशी बसवलं.

"बाळे, आधी खाणारी तोंडं मोजायची. मग काठावर काठ ठेवून घडी घालायची. सुरी सगळ्यांत शेवटी."

केतकीचे तुकडे लहानमोठे होत. भिमाक्का रागावत नसत. उरलंसुरलं साळुंकीला भरवत आणि म्हणत, "हं, आता दुसरी घे." असं शिकवणारं माणूस मिळायला भाग्य लागतं.

आठव्या दिवशी कालदंड आला. त्याने कमळाचं गोल पान दिलं. "दोन वाटे." केतकीने काठावर काठ ठेवला, दोन झाले. मग चौकोनी रेशमी रुमाल. "चार." दोनदा घडी, चार झाले. मग मऊसूत पुरणपोळी. "समान वाटे कर." किती, ते सांगितलं नाही.

केतकीने मधोमध घडी घातली, सुरी उचलली आणि थांबली. तोंडं मोजायची राहिली होती.

"बाबा, आपण जेवलात?"

"जेवलो, बाळ."

"आक्का?"

"जेवले गं."

साळुंकी भीतीने सकाळपासून उपाशीच होती. केतकीही.

"आणि आपण?"

कालदंडाने पोळीकडे पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते.

केतकीने अर्ध्या पोळीची विड्यासारखी तीन पदरी घडी घातली आणि घड्यांवर सुरी फिरवली. सहा तुकडे झाले, प्रत्येकाला दोन. पहिले दोन तिने कालदंडापुढे ठेवले.

"मला आजवर कुणी मोजलंच नव्हतं," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला.

साळुंकीने घास गिळला आणि तिथे शेवंती उभी राहिली. "माझे तुकडे लहान आहेत का गं?"

केतकीने रडत रडत तुकड्यावर तुकडा ठेवून दाखवला.

तेव्हापासून त्या राज्यात सुरी उचलण्याआधी कुणीतरी दारात जाऊन बघून येतं. बहुतेकदा कालदंडच उभा असतो.