मुळासकट अळंबी

आंबेघोळच्या बाजारात अळंबी मुळासकट आणि मुळाला चिकटलेल्या तांबड्या मातीसकट विकली जाते. नवख्या पाहुण्याने कारण विचारले, की जाणती माणसे त्याला बाजाराच्या तोंडाशी असलेल्या काळ्या कातळापाशी नेतात आणि जिवलीची कथा सांगतात. अळंबीची मुळे पहिल्यांदा छाटली ती जिवलीनेच. गाव हे लपवीत नाही.

जिवली विधवा होती. श्रावणात वारुळांवरची अळंबी काढून ती विकायला बसे. या अळंबीचे मूळ लांबलचक, पार वारुळाच्या पोटात गेलेले असते. विषारी छत्रीला ते नसते, म्हणून गिऱ्हाइके मूळ पाहूनच पारख करीत. पण खोतीण एकदा सर्वांदेखत म्हणाली, “जिवले, अळंबी विकतेस की शेत विकतेस गं?” बायका फिदीफिदी हसल्या. जिवलीच्या ते जिव्हारी लागले. दुसऱ्या दिवशी तिने मुळे विळीवर छाटली आणि अळंबी झऱ्यावर धुतली. ती पांढरीशुभ्र टोपली हातोहात खपली, म्हणे. मग साऱ्याच जणी मुळे छाटू लागल्या.

त्याच श्रावणात तिची एकुलती लेक ठकू बाळंतपणासाठी माहेरी आली. “आये, तुझ्या हातचं अळंबीचं कालवण खायचंय गं.” जिवलीची टोपली तर केव्हाच रिकामी झाली होती. तिने शेजारच्या गोदीकडून वाटा घेतला. हुंगला, उलटून पाहिला. पाहायला मूळच नव्हते.

“वारुळाचीच ना गं?”

“मग काय उकिरड्यावरची देऊ तुला?” गोदी हसली. आपल्या नवख्या सुनेने रानातून काय वेचून आणले, हे तिलाही ठाऊक नव्हते.

कालवण थोडेच झाले. जिवलीने ते सगळे लेकीच्याच पानात वाढले. ठकू गेली, पोटातले मूलही गेले.

जिवली या कातळावर येऊन बसली. “ही विक्रीच बंद करा,” एवढेच ती म्हणे. पण श्रावणात घरोघरी कणग्यांचा तळ दिसू लागलेला असतो. विक्री थांबली तर चुली पेटणार कशा? अखेर मूळ छाटायचे नाही आणि माती धुवायची नाही, असे गावाने ठरवले. गोदीने रडत होकार दिला, खोतिणीने मान खाली घालून. जिवलीने दिला नाही. ती कातळावरून पुन्हा उठलीच नाही, असे सांगतात.

आजही हंगामाची पहिली टोपली या कातळावर उतरते. विकणारी मूळ दाखवून विचारते, “मान्य?” गिऱ्हाईक म्हणते, “मान्य.” मग जिवली बसली होती त्या जागी पहिला वाटा ठेवून तिलाही तेच विचारतात. होकार येत नाही. तो वाटा तिथेच काळा पडतो.