थांब्याचा क्रूस

खाडीच्या धक्क्यावर हा जो दगडी क्रूस दिसतो, त्याला आम्ही थांब्याचा क्रूस म्हणतो. बाहेरून येणारे विचारतात, इथे एसटी थांबते का? एसटी तिकडे फाट्यावर. इथे थांबते ती प्रार्थना. बसा असे कट्ट्यावर. आमच्या वाडवडिलांनी सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची गोष्ट. गावात रेजिना नावाची विधवा राहत असे. रोज संध्याकाळी सारं गाव या क्रूसापुढे जमायचं आणि प्रार्थना सांगायचा मान तिचा. ती एकेक ओळ म्हणे, मागून गाव म्हणे. तिला एकच मुलगा, सांतान. त्याचं लग्न ठरलं होतं आणि मांडवासाठी बांबू आणायला तो पलीकडे गेला होता.

परत येताना वारा सुटला. बाकीच्या होड्या पलीकडेच थांबल्या. लाझार नावाचा तरुण नावाडी मात्र थांबला नाही. त्याने सांतानला घेऊन होडी लोटली. भर खाडीत ती उलटली. लाझार पोहत काठाला लागला. सांतानचा देह ओहोटीला चिखलात सापडला.

“वाऱ्याने घात केला,” एवढंच लाझार सांगत राहिला.

दफन झालं आणि काही दिवसांनी रेजिना पुन्हा क्रूसापुढे उभी राहिली. प्रार्थना नीट चालली होती. मग ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला क्षमा कर’ ही ओळ आली आणि तिचा आवाज बंद झाला. लाझार मागे, गर्दीच्या शेवटी उभा होता.

फादर जवळ आले. हळूच म्हणाले, “रेजिना, थोडे दिवस दुसरं कुणी सांगेल. तू नुसती उभी राहा.”

“नको, फादर. सांगायची तर मीच सांगेन. पण तोंडाने क्षमा म्हणायचं आणि पोटात आग ठेवायची, हे देवापुढे कसं करू?”

“मग ती ओळ सोडून पुढे जा.”

“ती सोडली तर पुढे मागू काय?”

गावाने तिला दूर केलं नाही, घाईही केली नाही. रोज ती त्या ओळीपर्यंत येई, थांबे. लोक तिच्यासोबत उभे राहत आणि मग मुकाट्याने घरी जात. असे सांगतात, की त्या साली बाप्तिस्मे झाले, लग्नं झाली, पण क्रूसापुढची प्रार्थना काही पुरी झाली नाही.

लाझारच्या होडीत आता कुणी बसत नसे. त्याने गाव सोडायचं ठरवलं. ते रेजिनाच्या कानावर आलं, तेव्हा ती घरातल्या अल्ताराशी, देवाच्या वेदीपुढे, गुडघ्यांवर बसली. म्हणाली, “देवा, त्याला माफ करणं मला जमत नाही. पण जमावं असं मला वाटू दे. तेवढं तरी दे.”

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ती धक्क्यावर आली आणि थेट लाझारच्या होडीत जाऊन बसली.

“ने मला. माझा सांतान गेला तिथे ने.”

लाझारने वल्ही मारली. त्या जागी होडी थांबली. रेजिना म्हणाली, “आता खरं सांग.”

लाझारने मान खाली घातली. “बाय, सांतान म्हणत होता, वारा पडू दे, मग निघू. मीच हसलो त्याला. म्हटलं, माझ्या हातात वल्हं आहे, घाबरतोस काय? वाऱ्याचं काही नाही, बाय. चूक माझी.”

रेजिनाने होडीचा काठ घट्ट धरला. ती मोठ्याने रडली. वर्षभर ती अशी रडली नव्हती, म्हणे. मग तिने डोळे पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. या वेळी ती थांबली नाही. लाझारकडे बघत तिने ती म्हटली आणि आमेनपर्यंत गेली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला लोक धक्क्यावर जमत होते. वारा उलट दिशेचा, तरी तिचा शब्दन् शब्द इथे ऐकू आला, असं सांगतात. सारं गाव गुडघे टेकून तिच्यामागून म्हणू लागलं. लाझार गावातच राहिला. रेजिनाच्या म्हातारपणी तिचा हात धरून तिला क्रूसापर्यंत तोच आणत असे.

आजही त्या ओळीपाशी आम्ही थांबतो. ज्याचं मन अडलं असेल, त्याच्यासाठी सारे उभे राहतात. तो कोण, हे कुणी विचारत नाही. गेल्या उपवासकाळात बराच वेळ गेला, दिवे लागले, पोरं पेंगली. कुणी हललं नाही. शेवटी मागच्या रांगेतून एका बाईने ती ओळ म्हटली, अगदी हळू. आणि मग आम्ही सगळ्यांनी.